थरथर हाताची, मग तारा डोक्याला का?

प्रश्न : वडिलांच्या बोटांना तिशीपासून थरथर होती, एकदा फिटही येऊन गेली. आता हात पुढे धरला की माझीही बोटं बारीक उडतात. कंपावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी फरक पडला नाही. डॉक्टर ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) आणि ईएमजी (स्नायूंच्या विद्युत हालचालीची नोंद) एकत्र काढायला सांगतात. डोक्याचा संबंध काय?

उत्तर : ही थरथर मेंदूच्या पृष्ठभागावरून सुटत असावी, अशी त्यांना शंका आहे. घराण्यात चालत आलेली बोटांची थरथर आणि क्वचित येणारी फिट ही जोडी ‘फॅमिलियल अडल्ट मायोक्लोनिक एपिलेप्सी’ या दुर्मिळ आनुवंशिक आजारात दिसते. आईवडिलांपैकी एकाला तो असेल, तर प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता ५० टक्के. वरून कंप वाटतो, पण ते स्नायूंचे एकामागून एक बसणारे झटके असतात आणि एकेक झटका ५० मिलिसेकंदांहूनही छोटा असतो. तो मेंदूतून निघाला असेल, तर हात उडण्याच्या साधारण २० मिलिसेकंद आधी विरुद्ध बाजूच्या मोटर कॉर्टेक्सवर, म्हणजे हालचाल चालवणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागावर, टोकदार लाट उमटते. मेंदूतून हाताच्या स्नायूपर्यंत संदेश पोहोचायला साधारण एवढाच वेळ लागतो. म्हणून दोन्ही नोंदी एकाच मशीनवर, एकाच घड्याळाने घ्याव्या लागतात. वेगवेगळ्या दिवशी काढलेले ईईजी आणि ईएमजी या कामाचे नाहीत.

प्रश्न : माझा ईईजी नॉर्मल आला. पुन्हा काढून काय मिळणार?

उत्तर : ही लाट अनेकदा जेमतेम काही मायक्रोव्होल्टची असते आणि भोवतीच्या ३०–५० मायक्रोव्होल्टच्या लहरींत बुडून जाते. त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी वाचलेला ईईजी नॉर्मल आला, तरी शंका फिटत नाही. ईएमजीवर झटका सुरू झाल्याचा क्षण धरायचा, त्याच्या आधीचा-नंतरचा ईईजीचा तुकडा कापायचा आणि असे तुकडे एकावर एक ठेवून सरासरी काढायची. १०० तुकडे घेतले की असंबद्ध लहरी दहाव्या हिश्श्यावर येतात आणि झटक्याशी बांधलेली लाट शिल्लक राहते. शिबासाकी आणि कुरोइवा यांनी १९७५ मध्ये ही पद्धत मांडली. आजही तिचा आधार घेतला जातो.

प्रश्न : मी ईईजी तंत्रज्ञ आहे. सरासरी काढली, तर टोक येण्याऐवजी एकसारखी लाटांची रांगच आली. काय चुकलं?

उत्तर : झटके सेकंदाला दहाच्या आसपास येत असतील, तर दर १०० मिलिसेकंदांनी नवा झटका बसतो. मग आधीच्या आणि नंतरच्या झटक्यांच्या लाटाही सरासरीत शिरतात. ज्यांच्या आधी ईएमजी शांत आहे, असेच झटके निवडा. मनगट उचलून, बोटं फाकवून २०–३० सेकंद धरायला लावा, मग विश्रांती द्या. सुटे झटके बहुधा हात उचलताना किंवा टेकवताना सापडतात. सुटे मिळतच नसतील, तर सरासरीचा हट्ट सोडून ईईजी-ईएमजी कोहेरन्स, म्हणजे दोन्ही नोंदींच्या लहरी कितपत एकमेकींशी जुळून चालतात याचं माप, काढा.

लाट आणि झटका यांच्यातल्या वेळेची मोजणी बिघडण्याची कारणं वेगळी आहेत. सेकंदाला २५६ नमुने म्हणजे दोन नमुन्यांत सुमारे ४ मिलिसेकंदांचं अंतर. २० मिलिसेकंदांच्या मोजणीला ते फार झालं. किमान १००० ठेवा. दोन्ही नोंदींना वेगवेगळे फिल्टर लावले, तर लाट मागेपुढे सरकते आणि ‘मेंदू झटक्यानंतर बोलला’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. ठरावीक उंची ओलांडल्यावर आपोआप लागणारी खूणही उशिरा पडते, म्हणून झटक्याचा आरंभ स्वतः पाहून लावा. सी३ आणि सी४ या मोटर कॉर्टेक्सवरच्या इलेक्ट्रोडच्या जागी विद्युत अडथळा ५ किलोओहमच्या आत आणा. हाताच्या तारा टेपने पक्क्या करा. हलणारी तार झटक्याच्याच तालात खोटी लाट काढते.

सम आणि विषम क्रमांकाच्या झटक्यांची सरासरी वेगळी काढून एकमेकींवर ठेवा. दोन्हींत टोक त्याच जागी नसेल, तर त्यावर अहवाल लिहू नका.

प्रश्न : तपासणीआधी औषधं बंद करायची का?

उत्तर : स्वतःहून मुळीच नाही, फिटचा धोका असतो. क्लोनाझेपॅमसारख्या औषधाने झटके कमी होतात आणि नोंद फिकी पडू शकते. म्हणून नाव, मात्रा आणि शेवटची गोळी कधी घेतली ते अर्जावर लिहा. आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका.

प्रश्न : थेट जनुकतपासणीच केली तर?

उत्तर : करावी, पण योग्य ती. अनेक कुटुंबांत दोष एसएएमडी१२ या जनुकात आहे, हे २०१८ मध्ये समोर आलं. नंतर इतर काही जनुकांतही तसाच दोष सापडला. डीएनएची टीटीटीसीए ही अक्षरं तिथे वारंवार घुसलेली असतात, तीही प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात. नेहमीच्या एक्सोम तपासणीत, जी मुख्यतः प्रथिनाचा मजकूर असलेला भाग वाचते, ती सुटतात. तिचा अहवाल ‘निर्दोष’ आला म्हणून आजार नाही, असं धरू नका. अशी वारंवार येणारी अक्षरं पकडणारं रिपीट-प्राइम्ड पीसीआर किंवा डीएनएचे लांब तुकडे सलग वाचणारं लाँग-रीड सिक्वेन्सिंग होतं का, हे लॅबला विचारा. मात्र झटका कॉर्टेक्समधून निघतो हे ईईजीने ठरलं, तरी आजाराचं नाव ठरत नाही. इतर काही आनुवंशिक मायोक्लोनसमध्येही (स्नायूंच्या झटक्यांच्या आजारांतही) हेच दिसतं. त्यामुळे नमुना पाठवताना ईईजी-ईएमजीचा अहवाल आणि तीन पिढ्यांचा वंशवृक्ष सोबत जोडा.