मुलगा सायन्सचे व्हिडिओ बघतो, 'समजलं' म्हणतो, पण विचारलं की गप्प. मराठी वाचतानाही अडखळतो. व्हिडिओ बंद करू का?

तुमचा मुलगा चौथीत, युट्यूबवर विज्ञानाचे छोटे व्हिडिओ आवडीने बघतो, पण जरा खोदून विचारलं की काही सांगता येत नाही, आणि वाचताना जोडाक्षर आलं की अडतो, असं तुम्ही लिहिलंय. मी झेडपीच्या शाळेत चौथी-पाचवीला शिकवते, वर्गात टीव्ही आहे आणि तो आम्ही भरपूर वापरतो, म्हणून लिहितेय. बंद करू नका. पण रिमोट किंवा फोन तुमच्या हातात ठेवा आणि शेजारी बसा. शेजारी बसायला जमणारच नसेल तर मग बंद केलेला बरा, खरं सांगते.

'समजलं' म्हणतो ते खोटं नसतं हो, त्याला खरंच तसं वाटत असतं. युट्यूबवर व्हेरिटासियम नावाचं विज्ञानाचं चॅनल चालवणारा डेरेक मुलर, त्याची सिडनी युनिव्हर्सिटीतली 2008 ची पीएचडी नेमकी ह्याच विषयावर आहे. त्याने काही विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राचे एकदम स्वच्छ, सोपे, मुद्देसूद व्हिडिओ दाखवले, पोरं म्हणाली छान, सोपं, समजलं, आणि नंतर टेस्ट घेतली तर मार्क जवळजवळ होते तिथेच. दुसऱ्यांना असे व्हिडिओ दाखवले ज्यात आधी लोकांची नेहमीची चुकीची समजूत बोलून दाखवली होती आणि मग ती का चूक ते आलं. ही मुलं म्हणाली डोकं चक्रावलं, पण मार्क वाढले ते ह्यांचे. कारण साधं आहे, डोक्यात आधीच काहीतरी कल्पना बसलेली असते आणि गुळगुळीत व्हिडिओ तिला हातही न लावता वरून निघून जातो.

म्हणून आमच्या वर्गात नियम एकच, गंमत घडायच्या आधी पॉज, आणि आता काय होईल ते प्रत्येकाने बोलायचं. मेणबत्तीवाला प्रयोग घ्या, युट्यूबवर ढिगाने आहे. ताटात पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर काचेचा ग्लास उपडा ठेवायचा. ग्लास ठेवायच्या आधी थांबवलं की उत्तरं येतात, "ग्लास फुटणार", "विझणार, बाकी काही नाही", "पाणी बाहेर येणार". मग पुढे चालू करायचं. मेणबत्ती विझते, पाणी आत वर चढतं, आणि बहुतेक व्हिडिओत मागून आवाज येतो की ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. इथे परत पॉज, कारण हे स्पष्टीकरणच बरोबर नाही! व्हिडिओ मागे घ्या, स्पीड कमी करा आणि पोराला एवढंच विचारा की पाणी कधी चढलं, मेणबत्ती जळत असताना का विझल्यावर? नीट बघितलं की दिसतं, ज्योत मंद होते, विझते आणि मग पाणी भराभर वर जातं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळतानाच हळूहळू चढायला हवं होतं ना, आणि तसंही ऑक्सिजन गायब होत नाही, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ होते. खरी गोष्ट अशी की ज्योतीने आतली हवा तापते, फुगते, थोडी कडेने बाहेरही निघते (कधी कधी बुडबुडे दिसतात), मग विझल्यावर ती गार होऊन आकसते, थोडी वाफही गार होऊन पाणी होते, आतला दाब कमी पडतो आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते. खात्री करायचीय तर घरी तोच ग्लास घेऊन एका मेणबत्तीऐवजी तीन लावा, पाणी जास्त वर जातं. ग्लासातला ऑक्सिजन तर तेवढाच होता! (हे तुम्ही जवळ असतानाच, काच गरम होते.)

चार मिनिटांचा व्हिडिओ अशा पद्धतीने अर्धा तास खातो, खाऊ दे. एडएक्सवरच्या ऑनलाइन कोर्सेसची पाहणी 2014 मध्ये आली होती, त्यात मोठी माणसंसुद्धा एका व्हिडिओत साधारण सहा मिनिटांपर्यंतच टिकतात असं निघालं, मग आपलं चौथीतलं पोर किती टिकणार. मोठा व्हिडिओ लावूच नका.

आता वाचन. इथे मात्र व्हिडिओची एक खोड आहे, चित्र आणि आवाज दोन्ही असले की डोळा अक्षरांकडे जातच नाही, गरजच पडत नाही त्याला. त्यामुळे ते 'क कमळाचा' टाइप नाचणारे कार्टून चौथीच्या मुलाला काही कामाचे नाहीत असं माझं स्पष्ट मत. कामाचं आहे ते त्याच भाषेतलं सबटायटल, म्हणजे कानावर मराठी आणि खाली अक्षरंही मराठीच. अहमदाबादच्या आयआयएममध्ये काम केलेले ब्रिज कोठारी हे 1996 पासून सांगतायत, दूरदर्शनवर चित्रहार आणि रंगोलीत गाण्याखाली हिंदी ओळी यायच्या आणि शब्दागणिक रंग बदलायचा, ते त्यांच्याच प्रयत्नांतून. गाणं आधीच पाठ असतं, त्यामुळे पुढचा शब्द कुठला ते माहीत असतं आणि डोळा तो अक्षरात शोधायला लागतो. घरी हेच करा, त्याला पाठ असलेलं मराठी गाणं लिरिक्ससकट लावा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून त्यालाच म्हणायला लावा, ओळ पुढे सरकायच्या आत. शुद्धलेखन आधी तुम्ही तपासा मात्र, युट्यूबचे आपोआप येणारे मराठी सबटायटल काहीच्या काही असतात, आणि बऱ्याच लिरिक्स व्हिडिओत ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नसतो.

आणि विज्ञानाचा व्हिडिओ वाचनालाच जोडा, मला तर सगळ्यात जास्त उपयोग ह्याचा झालाय. जलचक्राचा व्हिडिओ लावायच्या आधी कागदावर मोठ्या अक्षरात लिहा, सूर्य, बाष्पीभवन, सांद्रीभवन, वाऱ्यामुळे. त्यात रफार आहे, 'ष्प' आहे, 'द्र' आहे, तो अर्धा ऱ्यासुद्धा आहे. आधी वाचून घ्या, अडखळू दे, घाई करू नका. मग व्हिडिओ, आणि शब्द ऐकू आला की त्याने कागदावर बोट ठेवायचं. लगेच नंतर पुस्तकातला तोच भाग वाचायला द्या. अर्थ आधीच डोक्यात असला की तेच पोर जोडाक्षरातून बरंच सुरळीत जातं, आणि परिच्छेद वाचून दोन वाक्यं स्वतःची बोलतं. ती दोन वाक्यं आली की 'समजलं' म्हणायचं, त्याआधी नाही.

कुठले बघायचे म्हणाल तर अरविंद गुप्तांचे, डोळे झाकून. आयआयटी कानपूरचा माणूस, टेल्कोत नोकरी, पुढे पुण्यात आयुका ह्या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात काम, 2018 ला पद्मश्री, आणि खेळणी कशाची तर काड्यापेटी, स्ट्रॉ, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब, जुन्या सीडी. व्हिडिओ एक-दोन मिनिटांचे, मराठीतही आहेत, आणि बघून झालं की पोरगं उठून सामान शोधायला लागतं. बालभारतीच्या पुस्तकात धड्यापाशी जो क्यूआर कोड असतो तो सरकारच्या दीक्षा अ‍ॅपने स्कॅन करा, तिथेही मिळतात, पण तिथे सरसकट विश्वास नको, काही सुंदर आहेत आणि काहींत नुसता धडा वाचून दाखवलाय स्लाइड लावून.

रोज नको, आठवड्यात दोन-तीनदा पुरे. व्हिडिओ आधी एकटे पूर्ण बघा आणि कुठे थांबवायचं ते ठरवून ठेवा, आणि शक्यतो डाउनलोड करून नेट बंद करूनच लावा, म्हणजे पॉज केल्यावर खाली दुसरंच काही दिसणार नाही. नाहीतर ऑटोप्ले तरी बंद करा, सेटिंग्जमध्ये असतं.