रजा १९१८ची, नाव १९१४चं

प्रश्न : आमच्या ऑस्ट्रेलियन सुनेचे पणजोबा पहिल्या महायुद्धात होते. इथल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या साइटवर (मालिका बी २४५५) त्यांची फाइल फुकट मिळाली. सप्टेंबर १९१८च्या नोंदीत ‘१९१४ लीव्ह’ आहे. चार वर्षांची शिल्लक रजा दिली का? आणि फॉर्मवर ‘कॅज्युअल्टी’ छापलंय, म्हणजे ते जखमी झाले होते?
– एक वाचक, मेलबर्न

उत्तर : शिल्लक नव्हे. १९१४ साली भरती झालेल्यांना घरी जाण्यासाठी दिलेली ती खास रजा. परदेशी लढणारी ऑस्ट्रेलियन सेना पूर्णपणे स्वयंसेवकांची. सक्तीच्या भरतीवर १९१६ आणि १९१७ साली लोकांचा कौल घेतला, दोन्ही वेळा नकार आला. नवी माणसं पुरेशी येईनात, मग जुन्यांना सोडणार कोण? त्यात घरचा समुद्रप्रवास एका बाजूचाच दीड-दोन महिन्यांचा. तोवर रजा म्हणजे इंग्लंड, फार तर पॅरिस. ऑस्ट्रेलियाचे पंतप्रधान ह्यूज हटून बसले तेव्हा कुठे ही माणसं निघाली : फ्रान्सहून आगगाडीने इटलीतल्या टारांटो बंदरापर्यंत, पुढे बोटीने. नोव्हेंबरात युद्धच थांबलं, त्यामुळे या नोंदीनंतर ‘फ्रान्सला परत’ अशी ओळ बहुधा सापडणार नाही. ‘आरटीए’ (ऑस्ट्रेलियाला रवाना) आणि सेवामुक्तीची तारीख शोधा.

‘कॅज्युअल्टी’ला घाबरू नका. ते बी १०३ या फॉर्मचं नावच आहे. बढती, बदली, आजारपण, रजा, सगळं त्यातच चढवत. खरा घोटाळा तारखांचा. डावीकडची तारीख अहवाल लिहिल्याची, घटनेची तारीख उजवीकडे, ठिकाणाच्या शेजारी. दोन्हींत कधी कधी बरेच दिवसांचं अंतर पडतं. रजेवर गेल्याची एक तारीख डावीकडून आणि परतल्याची उजवीकडून उचलली, की रजेचे दिवस चुकलेच.

‘एडब्ल्यूएल’ मात्र रजा नव्हे, ती बिनपरवानगीची गैरहजेरी. पुढेच पगार कापल्याची ओळ असते. साध्या शिपायाला रोज सहा शिलिंग मिळत, त्यातला एक सेवामुक्तीपर्यंत राखून ठेवत.

प्रश्न : धाकट्या पणजोबांच्या फाइलीत १९१९ साली पगारी ‘एनएमई’ रजा दिसते. ती कसली?

उत्तर : बिगरलष्करी कामाची (नॉन-मिलिटरी एम्प्लॉयमेंट). युद्ध संपलं तेव्हा दीड लाखावर माणसं घरी न्यायची होती आणि जहाजं अपुरी. खोळंबलेल्यांनी नुसतं बसून राहू नये म्हणून सैनिकांना घरी पाठवण्याचं काम पाहणाऱ्या जनरल मोनॅश यांच्या खात्याने त्यांना ब्रिटनमध्ये शिकायला, काम करायला सोडलं. नोंदीशेजारी विषय, कारखाना किंवा कॉलेजचं नाव असतं. ते जपून उतरवून घ्या, कारण पुढे त्यांनी कोणता धंदा धरला याचा धागा तिथेच सापडू शकतो. लग्न तिकडे झालं असेल तर जहाजाचं नावही टिपा. बायकामुलांचा प्रवासखर्च सरकारनेच उचलला होता, आणि जोडपी बरेचदा एकाच जहाजाने आली.