समुद्र न पाहिलेल्या मुलांना महासागर शिकवताना

ताई, तुमचा प्रश्न वाचला. सातवीच्या वर्गात एकाही मुलाने समुद्र पाहिलेला नाही. लाटांचे व्हिडिओ दाखवले की मुलं खूश होतात, पण दुसऱ्या दिवशी काहीच उरत नाही. मीही नागपूर जिल्ह्यातच भूगोल शिकवत आलो आहे आणि माझं ठाम मत आहे, की आपण किनाऱ्यापासून सुरुवात करूच नये. आपल्या उन्हापासून करावी. समुद्र लांब असला की काय होतं, ते आपल्या पोरांनी दर मे महिन्यात अंगावर झेललेलं असतं.

ऑक्टोबरचं ऊन या प्रयोगाला उत्तम. सारख्या आकाराची दोन स्टीलची भांडी घ्या. एकात कोरडी माती, दुसऱ्यात तेवढंच पाणी. माती कोरडीच हवी. ओली असली तर बाष्पीभवनाने थंड राहते आणि निष्कर्ष बिघडतो. दोन्ही तासभर उन्हात ठेवा, दर दहा मिनिटांनी तापमान वहीत उतरवा, मग सावलीत आणून आणखी तासभर मोजा. तापमापीचा फुगा दोन्हीकडे सारखाच, पृष्ठभागाच्या जरा खाली. घरचा ताप मोजायचा थर्मामीटर अजिबात वापरू नका, तो ४२ अंशांच्या आसपास संपतो, प्रयोगशाळेतला घ्या. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, आधी काय तापेल आणि आधी काय निवेल याचा अंदाज मुलांकडून मोजणीपूर्वीच लिहून घ्या. आपला अंदाज कागदावर असला की मूल आकड्यांकडे खरं लक्ष देतं. माती भराभर तापते आणि भराभर निवते. कारण सांगायची वेळ तेव्हा येते: तेवढ्याच वजनाचं पाणी एका अंशाने तापवायला कोरड्या मातीच्या साधारण पाचपट उष्णता लागते.

मग लगेच नकाशा उघडा आणि नागपूरवरून बोट सरळ पश्चिमेला न्या. त्याच २१ अंश अक्षांशाजवळ सूरत लागतं. सूर्य दोघांवर सारखाच तळपतो, तरी मे महिन्यात आपला पारा ४५ च्या पुढे जातो आणि सूरतचा सहसा तिथवर पोचत नाही. जानेवारीच्या रात्रीही आपल्याकडे जास्त गारठा. सूरत अगदी वाळूवर वसलेलं नाही, तापीच्या मुखाजवळ आहे, आपण तर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंचावर. हे दोन्ही मुलांना सांगा. दोन्ही शहरांचं रोजचं कमाल आणि किमान तापमान महिनाभर लिहून एकाच आलेखात काढायला लावा. दोन रेषांमधलं अंतर पाहून मुलं स्वतःच बोलू लागतात.

पावसाळ्यात वर्तमानपत्राचा उपक्रम घ्या. ‘बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र’ अशी बातमी आली की कात्रण तारखेसह भिंतीवरच्या नकाशाशेजारी लावायचं. शाळेच्या अंगणात सरळ भिंतीचा डबा ठेवून पाऊस मिलिमीटरमध्ये मोजायचा. दोन-चार दिवसांनी आपल्याकडे पाऊस येतो का, हे मुलांना पाहू द्या. दर वेळी जुळणार नाही, आणि न जुळलेली नोंद खोडू देऊ नका. पुढे हेच पाणी कुठे जातं तेही लोकरीच्या धाग्याने नकाशावर दाखवा: नाग नदी, कन्हान, वैनगंगा, प्राणहिता, गोदावरी आणि पुन्हा बंगालचा उपसागर.

महासागराच्या तळासाठी झाकणाचा पुठ्ठ्याचा खोका पुरेसा. आत मातीचे डोंगर आणि दरी करा, झाकणाला रांगेत भोकं पाडा. मुलांनी आत न डोकावता विणकामाची सुई प्रत्येक भोकातून सोडायची, किती खोल गेली ते मोजायचं आणि आलेखावर तळ काढायचा. झाकण शेवटी उघडा. पूर्वी जहाजांवरून वजन बांधलेला दोर सोडून खोली अशीच मोजत.

नकाशा खोटा का दिसतो, हे शिकवायला आपलं संत्रं आहेच. पेनाने खंडं काढा आणि साल अखंड सोलून सपाट करायला सांगा. ती फाटणार. ग्रीनलंड भिंतीवरच्या नकाशात एवढं मोठं का दिसतं, हा प्रश्न त्यानंतरच विचारा. फाटलेल्या सालीच्या फटी भरायच्या तर कडेचा भाग ताणावा लागतो, हे कुणीतरी नक्की सांगतं. संत्र्यासाठी डिसेंबरपर्यंत थांबा, तेव्हा स्वस्त मिळतात.