बारा टेक्स्टफील्डबद्दल

सोलापूर, रविवार

अनेक आशीर्वाद.

टॉवेलच्या पेढीसाठी तू केलेला बिलिंगचा प्रोग्राम काल रात्री उघडून बसलो. चालतो चांगला. पण जावाच्या स्विंगमध्ये टाइप करायचा तयार रकाना असतो, जेटेक्स्टफील्ड; त्याच्या क्लासवरून (साच्यावरून) आपला सबक्लास, म्हणजे पोटसाचा, काढायला लिहायचं ‘एक्स्टेंड्स जेटेक्स्टफील्ड’ किती ठिकाणी लिहिलंय ते मोजलं, तर १२ निघाले. रक्कम, तारीख, जीएसटी क्रमांक असे तीन रकाने. प्रत्येकाचा एक साधा, एक चुकल्यावरचा लाल चौकटीचा. त्यांचे पुन्हा लिहिता येणारे आणि नुसते वाचायचे. तीन दुणे सहा, सहा दुणे बारा. उद्या मालक म्हणाले, काही अक्षरं मोठी हवीत, की झाले २४.

लाल चौकट रकान्याला जन्मापासून चिकटलेली नसते. ती चूक होते तेव्हा येते, सुधारली की जाते. चालू प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा, म्हणजे साच्यातून निघालेल्या वस्तूचा, क्लास मात्र बदलता येत नाही. म्हणून तुला जुना रकाना काढून तिथे लाल रकाना बसवावा लागला, आणि टाइप करता करता कर्सर गायब. मालकांची तक्रार तीच होती ना? तिथे त्याच रकान्याची चौकट बदलणारं सेटबॉर्डर पुरेसं आहे, वाचण्यापुरतं ठेवायला सेटएडिटेबल. उरले तीन नियम. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा, तेव्हा सोळावं अक्षर अडवायला डॉक्युमेंटफिल्टर लाव. १५ पूर्ण झाली का, हे रकाना सोडताना इनपुटव्हेरिफायर बघेल. तारीख अर्धी टाइप झालेली असताना तपासण्यात अर्थ नाही, तिथे व्हेरिफायरच. रकाना साधा जेटेक्स्टफील्डच राहतो.

मीही या खड्ड्यात पडलोय. अक्षरांची मर्यादा घालायला मी सबक्लास केला, रकान्यातला मजकूर ठेवणारी वस्तू बनवणारी क्रिएटडीफॉल्टमॉडेल ही मेथड ओव्हरराइड केली (तिच्या जागी माझी लिहिली), मर्यादा माझ्या कन्स्ट्रक्टरमध्ये (वस्तू तयार होताना चालणाऱ्या भागात) १५ ठेवली. रकान्यात एक अक्षर उमटेना! एररही नाही. दोन दिवस कीबोर्डला शिव्या घातल्या. जेटेक्स्टफील्डचा कन्स्ट्रक्टर आधी चालतो आणि ती मेथड तिथूनच बोलावतो. तेव्हा माझी मर्यादा अजून ० होती. मूळ क्लास म्हणजे वडील; वडिलांच्या घरात शिरलं की त्यांचं वेळापत्रक आपल्याला लागू होतं, आणि ते कुठे नीट लिहिलेलं नसतं.

उधारीचे आकडे लाल दाखवायला जेटेबलचाही (स्विंगच्या तयार तक्त्याचाही) सबक्लास केलायस. तो काढ, त्या कॉलमला रेंडरर दे, आकडे कसे दिसावेत ते तो ठरवतो. ‘सेव्ह’चं बटण आणि मेन्यू यांना एकच अ‍ॅक्शन (काय करायचं ते सांगणारी वस्तू) जोड, ती बंद केली की दोन्ही बंद होतात.

आपल्याकडे चादरीवर नवी नक्षी आली म्हणून कारखानदार नवा जॅकार्ड माग घेत नाही. माग तोच ठेवून छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ बदलायची, ही जुनी रीत. पण चादरच मागाच्या रुंदीत बसेना, तर पुठ्ठे बदलून काय होणार? तुझा महिन्याच्या विक्रीचा आलेख तसा आहे. तो स्वतः रेखाटायचा म्हणजे जेकॉम्पोनंटचा (स्विंगच्या सगळ्या घटकांच्या मूळ क्लासचा) सबक्लास करून चित्र काढणारं पेंटकॉम्पोनंट ओव्हरराइड करणं रास्तच. तो ठेव.

सगळं एकदम उपसू नकोस, पेढीवर रोज बिलं फाटतात. तारखेचा रकाना आधी घे, नियम एकच आहे. झाला की फाइल पाठव. मंगळवारी दुपारनंतर मी मोकळा आहे.

तुझा,
काका