क्लासिक विज्ञानकथांची किती पुस्तकं वाचली आहेत तुम्ही?

अशा शंभर पुस्तकांची एक यादी आहे, त्यातली माझी अकरा. वाळवंटी ग्रहावरचं 'ड्यून' (१९६५) त्यात धरलेलं नाही, दोनदा उघडलं आणि दोन्ही वेळा वाळूतच रुतलो.

सुरुवात नागपुरात, बर्डीच्या फुटपाथवर. ज्यूल व्हर्नचं पाणबुडीवालं पुस्तक, कव्हर गायब, पानांना बिस्किटाचा रंग. मे महिन्यातल्या दुपारी कूलरसमोर बसून वाचलं, शिंतोडे पानांवर उडायचे. नावातले 'वीस हजार लीग' म्हणजे समुद्राची खोली, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो! ते पाण्याखालच्या प्रवासाचं अंतर आहे, जवळपास ८०,००० किलोमीटर. म्हणजे पृथ्वीला दोन फेऱ्या.

वेल्सचं 'टाइम मशीन' (१८९५) एका बैठकीत होतं, तिथून सुरू करा.

अशा याद्यांत जयंत विष्णू नारळीकर सहसा नसतात, हे मला खटकतं. 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'नारायण विनायक जगताप' या नावानं पाठवली होती. आद्याक्षरं उलटी वाचून बघा. पहिलं बक्षीस त्या 'जगतापां'नाच मिळालं. नारळीकरांची वाचलेली पुस्तकं धरली तर माझी संख्या सरळ पंधरावर जाते, आणि मी धरतोच.