जुन्या गाडीला घरी रंग देताना आधीचा रंग पूर्ण काढावा लागतो का?

नाही. रंग घट्ट धरून असेल तर 320 नंबरच्या पेपरने घासा, त्यावर प्रायमर बसतो. आधी कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवून बघा. रंग विरघळून कापडाला लागला तर तो खरवडणंच बरं, नाहीतर वरचा नवा थर सुरकुततो.

गंज दिसेल तिथे मात्र चकचकीत पत्रा लागेपर्यंत घासा आणि त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर मारा. उघडा पत्रा दमट हवेत रात्रभरातही गंज धरतो. नुसता सरफेसर (बारीक ओरखडे भरून पृष्ठभाग सपाट करणारा थर) तिथे पुरत नाही, तो ओलावा शोषतो.

हार्डनरवाला (रंग कडक करणारं रसायन मिसळलेला) रंग स्प्रे करणार असाल तर कृपया जपा. बहुतेक हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्क नसेल तर तेवढं काम घरी न करता गाड्या रंगवणाऱ्या गॅरेजवाल्याकडूनच करून घ्या.