पाच कमिट आणि 'परमिशन डिनाइड': ब्राउझरमधून कोड बदलताना

तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या अडचणी एकत्र आल्या आहेत. गिटहबवर (कोड ठेवण्याची साइट) फाइलीवरच्या पेन्सिलच्या चिन्हावरून पाच फायली बदलल्या तर पुल रिक्वेस्टमध्ये (बदल मूळ प्रकल्पात घेण्याची विनंती) पाच कमिट (बदलांच्या नोंदी) दिसतात आणि रिव्ह्यूअरला एकच हवा आहे. शिवाय नवी शेल स्क्रिप्ट (आदेशांची फाइल) टाकल्यापासून प्रकल्पाची आपोआप चालणारी तपासणी 'परमिशन डिनाइड' म्हणून पडते. ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करता येत नाही, हे धरूनच सांगतो.

पेन्सिलचा एडिटर एका वेळी एकच फाइल हाताळतो. 'कमिट चेंजेस' दाबले की बदल थेट सर्व्हरवर कमिट होतो, मध्ये स्टेजिंग (कमिटआधी बदल निवडून ठेवण्याची पायरी) नाहीच. शुद्धलेखन, आवृत्ती क्रमांक, भाषांतराची एखादी ओळ एवढ्यापुरते ते बरे. फायली एकाहून जास्त असतील तर रिपॉझिटरीच्या (प्रकल्पाच्या फायलींचा साठा) पानावर कीबोर्डवरचे टिंब दाबा, किंवा पत्त्यातल्या 'डॉट कॉम'च्या जागी 'डॉट डेव' करा. व्हीएस कोड हा एडिटर ब्राउझरमध्येच उघडतो आणि सगळे बदल एका कमिटमध्ये जातात.

त्याची दोन दुखणी आधीच माहीत असू द्या. कमिट न केलेले काम त्याच ब्राउझरच्या साठ्यात असते. ऑफिसच्या धोरणानुसार ब्राउझर बंद होताना साइटचा डेटा पुसला जात असेल, तर दुपारभराचे काम गेलेच म्हणून समजा. आणि तिथे कमिट म्हणजे पुशही, म्हणजे बदल लगेच सर्व्हरवर जातो. 'आधी कमिट करतो, मग नीट बघून ढकलतो' ही सवय तिथे नडते, म्हणून आधी खालच्या पट्टीत डाव्या कोपऱ्यातून नवी ब्रँच (बदलांची वेगळी शाखा) काढायची. टर्मिनल (आदेश टाइप करण्याची खिडकी) नाही, त्यामुळे कोडही चालवता येत नाही.

आता झालेल्या पाच कमिटचे. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांना 'स्क्वॉश अँड मर्ज' (सगळे कमिट एकत्र करून एकच मूळ प्रकल्पात घेणे) वापरण्याची विनंती करणे. तो पर्याय चालू असेल तर तुम्हाला काहीच करावे लागत नाही. नसेल तर तुमच्या फोर्कमधल्या (तुमच्या खात्यातली प्रकल्पाची प्रत) त्याच ब्रँचवर (बहुधा 'पॅच-1') कोडस्पेस, म्हणजे ब्राउझरमधून वापरायचे गिटहबचे दूरचे मशीन, उघडा. तिथे खरे टर्मिनल मिळते. 'गिट रिसेट --सॉफ्ट हेड~5' (पाच कमिट मागे जाते, बदल मात्र राहतात), मग एक नवा कमिट, मग 'गिट पुश --फोर्स-विथ-लीज' (सर्व्हरवरच्या जुन्या कमिटच्या जागी नवा ठेवते). (आदेश अर्थातच रोमनमध्ये टाइप करायचे.) त्याआधी 'गिट लॉग' (कमिटची यादी) मात्र बघाच. मध्येच 'अपडेट ब्रँच'चे बटण दाबले असेल तर मूळ प्रकल्पातले नवे बदल आणणारा एक मर्ज कमिटही आत आलेला असतो. मग पाचाचा हिशेब चुकतो आणि दुसऱ्यांचे बदल तुमच्या नावावर चढतात.

परवानगीची गोष्ट अशी: ब्राउझरमधून बनवलेली नवी फाइल गिटमध्ये 100644 या मोडने नोंदली जाते, म्हणजे चालवण्याची परवानगी तिला नसते, आणि पेन्सिलच्या पानावर ती देण्याची सोयही नाही. स्क्रिप्टचा मजकूर कितीही वेळा तपासलात तरी चूक सापडणार नाही, कारण ती मजकुरात नाहीच. कोडस्पेस उघडलीच आहे तर 'सीएचमॉड +एक्स' करून फाइल त्याच कमिटमध्ये घाला. मोड 100755 होतो. कोडस्पेस नको असेल तर वर्कफ्लोच्या (तपासणीच्या पायऱ्या) फाइलमध्ये टिंब-स्लॅशने स्क्रिप्ट थेट चालवण्याऐवजी 'बॅश' आणि पुढे स्क्रिप्टचा पत्ता लिहा. तेवढा बदल पेन्सिलनेही होतो.

तुमच्या फायलींच्या यादीत मेकफाइल ('मेक' या साधनासाठी आदेश लिहिलेली फाइल) दिसली म्हणून सांगतो. आदेशाच्या ओळीची सुरुवात टॅबनेच व्हावी लागते. स्पेस पडल्या तर 'मिसिंग सेपरेटर' येते. चॅटमधून किंवा मेलमधून ओळ चिकटवली की टॅबच्या स्पेस झालेल्या असतात. पेन्सिलच्या एडिटरवर टॅब की स्पेस हे निवडण्याचा पर्याय असतो, टाइप करण्याआधी तो टॅबवर आणा.

वैयक्तिक मोफत खात्याला कोडस्पेसचे महिन्याला 120 कोअर-तास आणि 15 जीबी साठा मिळतो. दोन कोअरचे मशीन घेतले तर ते प्रत्यक्षात 60 तास. टॅब बंद केल्याने मशीन लगेच थांबत नाही, मूळ सेटिंगनुसार हालचाल नसेल तर 30 मिनिटांनी थांबते. थांबलेली कोडस्पेसही साठ्यात मोजली जाते, तेव्हा पुश झाल्यावर कोडस्पेसच्या यादीत जाऊन ती काढून टाका.